मॉर्गान्तिनाची देवी आयदोनेत हवी की सिराक्यूजला?

संगमरवरी: सिसिलीतल्या मॉर्गान्तिना या ग्रीक नगरातून चोरट्यांनी उपसलेला ऐवज अमेरिकेतून परत आला आणि शेजारच्या आयदोने गावात, जुन्या कापुचिन मठातल्या संग्रहालयात ठेवला गेला. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने १९८८ साली १ कोटी ८० लाख डॉलर मोजून घेतलेली देवी २०११ मध्ये आली. पण लोक जवळच्या रोमन व्हिलातली मोझेक पाहून तिथूनच परततात. मूर्ती सिसिलीतल्याच सिराक्यूज या मोठ्या शहरात न्यावी. बघायलाच कोणी नसेल तर परत आणून काय साधलं?

खापरतुकडा: साफ अमान्य. गेटीत ती प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटी म्हणून मिरवली. आता अनेक अभ्यासक तिला धान्यदेवी डिमिटर किंवा तिची मुलगी पर्सेफोनी मानतात. पर्सेफोनीला पाताळाच्या देवाने, हेडीसने, पळवलं ते पेर्गुसा तळं तिथून जवळच. खुद्द हेडीसचं मातीचं मस्तकही याच संग्रहालयात आहे. मॉर्गान्तिनात सापडलेली दाढीची निळी बट त्याला जुळली, म्हणून तर गेटीने ते २०१६ मध्ये परत केलं. सिराक्यूजला हा धागाच तुटतो.

काचपेटी: संदर्भ ठीक, पण देखभालीचं काय? देवीचं अंग चुनखडीचं, चेहरा-हात-पाय संगमरवराचे, उंची सव्वादोन मीटरच्या आसपास. भूकंपात आधी सांधे जातात. शिवाय मॉर्गान्तिनाचीच, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने (मेट) परत केलेली चांदीची १६ भांडी-उपकरणी. हवेतल्या गंधकी वायूंनी चांदी काळवंडते. पेटीत गंधक सोडणारं लोकरी फेल्ट किंवा साधं रबर वापरलं की संपलंच. वायू शोषणारा कोळसा वेळेवर बदलावा लागतो, आर्द्रताही कमी राखावी लागते. दर वेळी पॉलिश केलं की मुलामा आणि कोरीवकाम झिजतं. लहान गावात हे रोज कोण बघणार?

खापरतुकडा: देवीचा भूकंपरोधक चौथरा गेटीच्याच मदतीने आला. त्याला सरकायला चहूबाजूंनी मोकळी जागा लागते. दोरीचे खांब चिकटून उभे केले की तो निकामी. मोठ्या दालनात ही चूक होत नाही असं थोडंच आहे? राहिली चांदी. दर चार वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेटला न्यायची-आणायची असा करार झाला होता, तोच मला घातक वाटतो. पेटीतल्या हवेपेक्षा उचलठेव आणि हादरे जास्त नडतात.

संगमरवरी: प्रवासाचा मुद्दा मान्य. पण मग सिसिली सरकारने आयदोनेत कायमचा संवर्धक नेमावा आणि व्हिलाच्या तिकीट खिडकीशेजारी देवीचा भलामोठा फोटो लावावा. तोवर माझं मत सिराक्यूजलाच.

काचपेटी: संवर्धक आधी, फोटो नंतर.