सिस्टम लॉगमुळे रूट विभाजन वारंवार भरते. संदेश थांबवावेत की त्यांचे कारण शोधावे?

प्रश्न:
माझ्या लिनक्स संगणकावर सिसलॉग आणि कर्न.लॉग या सिस्टम व कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांच्या लॉग फाइली काही तासांतच कित्येक जीबींच्या होतात आणि रूट विभाजन (लिनक्स प्रणाली जेथे असते तो डिस्कचा भाग) भरले की नवे प्रोग्रॅम सुरू होणेही बंद पडते. दोन्ही फाइलींत ‘पीसीआयई बस एरर’ (पीसीआयई म्हणजे वायफाय कार्ड, डिस्क अशी उपकरणे मदरबोर्डला जोडणारी वाहिनी) हा एकच संदेश अखंड येत असून त्यापुढे ‘करेक्टेड’ असे लिहिलेले असते. बूट करताना कर्नेलचा लॉगलेव्हल (किती महत्त्वाचे संदेश दाखवायचे ती पातळी) कमी करून पाहिला, सिसलॉगची फाइल पुसूनही पाहिली. परंतु संदेश थांबले नाहीत आणि जागाही मोकळी झाली नाही.

प्रतिसाद १:
लॉगलेव्हलने केवळ कन्सोलवर दिसणारे संदेश कमी होतात, लॉगमध्ये जाणारे नाहीत. जागेचे म्हणाल, तर आरसिसलॉगने (या लॉग फाइली लिहिणाऱ्या प्रक्रियेने) उघडून ठेवलेली फाइल आरएम आज्ञेने पुसली तरी ती प्रक्रिया फाइल सोडेपर्यंत डिस्कवरील जागा परत मिळत नाही. म्हणून अशी फाइल न पुसता ट्रंकेट आज्ञेने शून्य आकाराची करावी. शिवाय सिस्टमडीचे (सेवा चालवणाऱ्या प्रणालीचे) जर्नल, म्हणजे तिची स्वतःची लॉग, याच संदेशांची आणखी एक प्रत ठेवत असेल. हे जर्नल सांभाळणाऱ्या जर्नलडीच्या जर्नलडी.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये सिस्टममॅक्सयूज ५०० एमबी ठेवा, कारण मूळ मर्यादा फाइल सिस्टमच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त ४ जीबी, इतकी सैल असते.

प्रतिसाद २:
वरील उपायांनी डिस्क वाचेल, पण संदेशांचा ओघ थांबणार नाही. जर्नलडीची रेट लिमिटही (ठरावीक वेळात किती संदेश नोंदवायचे याची मर्यादा) येथे कामाची नाही, कारण ती प्रत्येक सेवेपुरती असते आणि हे संदेश थेट कर्नेलकडून येतात. ‘करेक्टेड’ याचा अर्थ चूक हार्डवेअरनेच दुरुस्त केली आणि डेटा गमावला नाही, असा आहे. तरीही ती सतत का घडते हे पाहायलाच हवे. संदेशातील उपकरणाचा क्रमांक एलएसपीसीआय या आज्ञेने मिळणाऱ्या उपकरणांच्या यादीत शोधा. ते वायफाय कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क असल्यास ती नीट बसली आहे का ते तपासा, बायोस अद्ययावत करा, आणि त्यानंतर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूट लोडरमध्ये) ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ हा पर्याय देऊन पाहा. त्याने कर्नेल एएसपीएमला, म्हणजे पीसीआयई जोडणीच्या वीजबचतीला, हात लावत नाही आणि बायोसने ठेवलेली स्थिती तशीच राहते; पुष्कळदा दोष या वीजबचतीतच असतो. ‘पीसीआय=नोएईआर’ हा पर्याय अनेक ठिकाणी सुचवलेला आढळेल, परंतु त्याने चुकांची नोंदच बंद होते; उद्या दुरुस्त न होणारी चूक आली तर तीही तुम्हाला कळणार नाही. माझ्या मते तो वापरूच नये.

प्रश्नकर्ता:
क्रमांक वायफाय कार्डाचा निघाला. कार्ड काढून पुन्हा बसवल्याने फरक पडला नाही. ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ दिल्यावर मात्र संदेश पूर्ण थांबले. लॅपटॉपची बॅटरी यामुळे लवकर उतरेल का?

प्रतिसाद २:
काहीशी उतरू शकते. कर्नेल पुरेसे नवे असेल, तर ग्रबमधील तो पर्याय काढून सिसएफएसमध्ये (कर्नेलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या /sys निर्देशिकेत) त्या उपकरणाच्या ‘लिंक’ निर्देशिकेत एएसपीएमच्या अवस्था स्वतंत्रपणे बंद करता येतात. तेथे प्रथम केवळ एल१ ही एक वीजबचत अवस्था बंद करून पाहा, म्हणजे बाकीच्या उपकरणांची वीजबचत चालू राहील. ही नोंद रीबूटनंतर टिकत नाही. त्यासाठी यूडेव्हचा (उपकरण सापडताच ठरवलेली सेटिंग लावणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहावा लागेल.