नवशिक्यांना क्लोज्ड गार्ड नको, आधी बटरफ्लाय गार्ड शिकवा (चर्चा)

हुकवाला:
मंडळी, जरा वाद घालायचाय. आपल्याकडे पुण्यामुंबईत बीजेजे (ब्राझिलियन जिउ-जित्सू, जमिनीवरची पकडींची कुस्ती) लावलं की पहिले काही महिने नुसतं क्लोज्ड गार्ड. गार्ड म्हणजे खाली राहून पायांनी समोरच्याला अडवायची बैठक. पाय समोरच्याच्या कमरेला आवळायचे, घोटे अडकवायचे, मग आर्मबार (कोपराची पकड), ट्रँगल (पायांनी गळा आवळणं), सिझर स्वीप (स्वीप म्हणजे समोरच्याला उलथवून वर येणं). पोरगं पाठीवर पडायला शिकतं आणि तिथेच राहतं, कुणी पाय उघडले की पुढे काय ते सुचत नाही. माझं म्हणणं, आधी बटरफ्लाय शिकवा. यात बसून, पावलं समोरच्याच्या मांड्यांना आतून अडकवून (हेच हुक) खेळायचं असतं, आणि बसलेला माणूस उभा राहू शकतो, सिंगल लेगला (एक पाय धरून पाडायला) जाऊ शकतो, आर्म ड्रॅग करून (हात ओढून बाजूला काढून) समोरच्याची पाठ घेऊ शकतो.

शिकवतानाही सगळे हुकपासूनच सुरुवात करतात, तिथेच गंडतं. पावलं मांड्यांच्या आत घातली की झालं बटरफ्लाय, असं नाहीये. आधी वरचं अंग. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, डोकं समोरच्याच्या हनुवटीखाली, एक अंडरहुक (त्याच्या काखेखालून घातलेला हात) आणि दुसऱ्या हाताने त्याचा हात बांधलेला. डावा अंडरहुक असेल तर पडायचं उजवीकडे, त्या बाजूचाच हात बांधायचा म्हणजे त्याला टेकवायला हात उरत नाही, आणि डाव्या हुकने वर काढायचं. मागे पडायचं नाही, कुशीवर पडायचं. मागे पडलात की तो सरळ छातीवर येऊन बसतो.

दादरचा_पर्पल:
असहमत. वर्णन बरोबर, निष्कर्ष चुकीचा. नो-गीमध्ये (गी म्हणजे जाड कुडता-पँट, ती न घालता) आता ब्लू बेल्टलासुद्धा (व्हाइटनंतरचा पट्टा) बॉडी लॉक पास (कंबर मिठीत आवळून गार्ड ओलांडणं) येतो. हात कमरेमागे जुळले, डोकं छातीत रुतलं, कंबर खाली बसली की तुमचे हुक नावापुरते. मग तो सावकाश एक गुडघा दाबतो आणि बाजूने निघून जातो. नो-गीचा बडा खेळाडू गॉर्डन रायनने हाच पास वापरून मोठमोठ्या लोकांचे गार्ड उघडलेत, तिथे आपला दुसऱ्या महिन्यातला पोरगा काय टिकणार? क्लोज्ड गार्डमध्ये निदान विचार करायला वेळ मिळतो. समोरच्याला आधी पाय उघडावे लागतात, तोवर नवशिक्या श्वास घेतो, समोरच्याचं पोश्चर (ताठ बैठक) कसं मोडायचं ते शिकतो.

हुकवाला:
दादा, हात जुळतात कारण कोपरं उघडी असतात. एक हात त्याच्या बायसेपवर, दुसरा हात खांद्यावर फ्रेम (अडसर), कंबर मागे सरकवत राहायची. हात जुळण्याआधीच भांडायचं, जुळल्यावर नाही. आणि हे हाताचं भांडण पहिल्या दिवसापासून शिकलंच पाहिजे ना? क्लोज्ड गार्डमध्ये ते शिकायला मिळत नाही कारण पाय सगळं सांभाळतात.

दादरचा_पर्पल:
म्हणजे ज्याला अजून श्रिंप (कुशीवर वळून कंबर मागे सरकवणं) नीट येत नाही त्याने हाताने भांडायचं, डोकं लावायचं, कंबर सरकवायची आणि हुकही जिवंत ठेवायचे, हे सगळं एकाच वेळी. वा.

लाल_माती:
मी कोल्हापुरात तालमीत वाढलोय, बीजेजे उशिरा सुरू केलं. आमच्याकडे खांदे टेकले की चितपट, खेळ खल्लास, त्यामुळे पाठीवर पडून खेळायचं हेच पचायला जड गेलं. बटरफ्लाय मात्र लगेच पटला, कारण छातीला छाती, काखेतून हात, मान ओढणं, हे सगळं ओळखीचं. त्यामुळे कुस्तीतून आलेल्याला आधी हेच द्या, याला माझा पाठिंबा. पण हुकवाला भाऊ, एक गोष्ट विसरताय. ज्याला उभं राहून पट काढता येतो तो बसेल कशाला? एडीसीसीत (नो-गीची मोठी स्पर्धा) तर पॉइंटच्या वेळेत स्वतःहून गार्डला बसलं की उणे गुण. आणि ११० किलोच्या पैलवानाला हुकने उचलून दाखवा एकदा, मग बोलू.

सुमी_गाएशी:
उचलायचं कुणी सांगितलंय! वैताग येतो या शब्दाचा. मी ५२ किलोची आहे, म्युनिकमध्ये ट्रेन करते, इथले पार्टनर बहुतेक ८५ ते ९० किलोचे. पायाच्या ताकदीवर मी कुणालाच उचलू शकत नाही. आधी त्याला पुढे ओढायचं, वजन आपल्या डोक्यावर-खांद्यावर आलं पाहिजे, त्याचे गुडघे हलके झाले पाहिजेत, तेव्हा हुकला फारसं काम उरत नाही. ज्युदोवाल्यांना हे माहीत असतं, त्यांच्या सुमी गाएशी या डावात हेच आहे. समोरचा शहाणा असेल आणि टाचांवर मागे बसला तर स्वीप विसरा, अंडरहुक घेऊन गुडघ्यांवर या आणि त्याला मागे ढकला. तो उभा राहिला तर त्याच्याखाली शिरा, सिंगल लेग एक्स नाहीतर एक्स गार्ड (दोन्ही उभ्या माणसाच्या पायांखालून खेळायचे). म्हणजे समोरच्याने वजन कुठे ठेवलंय ते वाचता आलं पाहिजे, आणि नेमकं तेच नवशिक्याला येत नाही! त्यामुळे मी हुकवाला यांच्या बाजूने नाही. हलक्या लोकांना आधी नी शील्ड हाफ गार्ड द्या (त्याचा एक पाय आपल्या पायांत, गुडघा मध्ये आडवा). मध्ये गुडघा असला की माणूस निदान चिरडला जात नाही.

हुकवाला:
ताई, मार्सेलो गार्सिया ७७ किलो गटातला. २००३, २००५, २००७ आणि २०११ ला एडीसीसी जिंकला, वर ॲब्सोल्यूटमध्ये (खुल्या वजनगटात) त्याच्याहून कितीतरी जड लोकांशी हेच बटरफ्लाय आणि एक्स गार्ड खेळला. वजनाची सबब नको.

सुमी_गाएशी:
आलाच मार्सेलो! बटरफ्लायच्या प्रत्येक वादात येतो. त्याचा आर्म ड्रॅग आणि गिलोटिन (समोरून मान आवळणं) समोर असताना कोण निवांत पुढे वजन टाकणार? लोक मागे बसायचे ते त्या भीतीने, आणि मागे बसले की तो वर यायचा. तुमच्या नवशिक्याकडे ही भीती घालायला काय आहे?

हुकवाला:
हा मुद्दा चांगलाय. मग गिलोटिन आणि आर्म ड्रॅग स्वीपसोबतच शिकवा की. तिन्ही गोष्टी एकाच बैठकीतून निघतात.

गी_प्रेमी:
सगळे नो-गीचंच बोलताय. गीमध्ये समोरचा गुडघ्याजवळ पँट धरून पाय मॅटला दाबतो, हुक मेले. नवशिक्याला ती पकड सोडवता येत नाही. पण उलटंही आहे, आपल्यालाही कॉलर आणि बाही मिळते, अंडरहुक खोल गेला तर मागून बेल्ट धरता येतो आणि मग समोरच्याला पाठ सरळ करणं मुश्किल होतं. पोलंडचा अ‍ॅडम वार्डझिन्स्की गीमध्येच बटरफ्लाय खेळून वरच्या पातळीवर पोचलाय, त्यामुळे गीत चालत नाही असं कुणी म्हणू नका. माझा प्रश्न वेगळाय. आपल्या क्लासमध्ये निम्मे लोक दिवसभर खुर्चीत बसणारे, चाळिशीकडे झुकलेले. त्यांची कंबर इतकी आखडलेली की बसल्या बसल्या मागे कलंडतात. डोकं हनुवटीखाली कुठून आणणार?

लाल_माती:
कलंडतात कारण दोन्ही कुल्ल्यांवर फतकल मारून बसतात. एका कुल्ल्यावर बसा, त्या बाजूचा पाय दुमडून मॅटवर ठेवा, एकच हुक आत. कंबर मोकळी होते आणि पडायची दिशाही आपोआप ठरते. दोन्ही हुक सतत पाहिजेतच असं काही नाही.

दादरचा_पर्पल:
हे पटलं. एका हुकने शिकवायचं असेल तर माझा विरोध थोडा कमी. पण स्पर्धेचं बघा, आयबीजेजेएफच्या (बीजेजेची मोठी संघटना) स्पर्धेत स्वीपचे २ गुण आणि गार्ड पासचे ३. बटरफ्लायमध्ये डाव फसला तर पास होण्याचा धोका क्लोज्ड गार्डपेक्षा कितीतरी जास्त. व्हाइट बेल्टच्या पाच मिनिटांत एकदा फसलं की भरून काढायला वेळ नसतो.

हुकवाला:
पदकासाठी शिकतोय का नवशिक्या? पहिल्या वर्षी पास होऊ दे की दहादा, त्यातूनच कोपर आत ठेवायला शिकेल. असं करू, क्लासमध्ये अंडरहुक आणि एक हुक आधीच दिलेला, तिथून दोन-दोन मिनिटांचे राउंड. स्वीप झाला की बसणारा जिंकला, पास झाला की वरचा. पहिले काही आठवडे बॉडी लॉक बंद.

दादरचा_पर्पल:
बॉडी लॉक बंद केलंत तर खोटा आत्मविश्वास येणार. चालू ठेवूनच करा.

सुमी_गाएशी:
आणि वजनाच्या जोड्या लावू नका. मला ९० किलोवालाच द्या.