शब्दचर्चा: कठीण चुनखडकातून सूक्ष्मजीवाश्म 'काढणे'

दगडोबा: हिमाचलातल्या स्पितीत मूद गावाजवळच्या ट्रायासिक काळातल्या चुनखडकातून कोनोडोंट (नामशेष सागरी प्राण्यांचे दातांसारखे सूक्ष्मजीवाश्म) कसे मिळवतात, ते मराठीत लिहितो आहे. 'निष्कर्षण' शब्द चालेल का?

चाळणीवाली: घोटाळा होईल. निष्कर्षणात हवा तो पदार्थ द्रावकात उतरतो. इथे नको तो खडक विरघळतो आणि हवे ते तळाशी उरते. कोनोडोंट कॅल्शियम फॉस्फेटचे असतात, म्हणून अ‍ॅसेटिक आम्लात टिकतात. हायड्रोक्लोरिकमध्ये तेही जातात. साधे 'सोडवणे' म्हणा.

कृतीत प्रमाण द्याच. 10 लिटर द्रावणाला 0.7 लिटर संहत अ‍ॅसेटिक आम्ल, 6.3 लिटर पाणी आणि आधीच्या खेपेचे वापरलेले, गाळलेले द्रावण 3 लिटर. हे जुने द्रावण वगळले तर कोरे आम्ल कोनोडोंटचा पृष्ठभाग कुरतडते. सामू 3.6 च्या खाली जाऊ देऊ नये. एवढे आम्ल कागदावर सुमारे 600 ग्रॅम चुनखडक खाते, पण क्रिया त्याआधीच मंदावते.

दगडोबा: मग तळाशी उरते ते 'अवशेष'?

चाळणीवाली: नको, वाचक जीवाश्मच समजेल. 'साका' म्हणा. तो 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, चोळायचा नाही. पुढे 2.8 घनतेच्या सोडियम पॉलिटंगस्टेट या जड द्रावणात क्वार्ट्झ तरंगते, कोनोडोंट बुडतात. डोलोमाइट हे कार्बोनेट खनिजही बुडते, ही खरी डोकेदुखी.

गारगोटी: अ‍ॅसेटोलिसिसचे, म्हणजे संहत अ‍ॅसेटिक आम्लाने खडक सुटा करण्याच्या पद्धतीचे काय? ते 'आम्लात विरघळवणे' असे छापलेले दिसते.

चाळणीवाली: साफ चूक. ती पद्धत फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांसाठी, आणि त्यांची कवचे चुनखडकासारखी कॅल्साइटचीच. खडक विरघळला तर तीही गेली. तिथे सुपारीएवढे तुकडे रात्रभर ओव्हनमध्ये कोरडे करून, बंद भांड्यात संहत आम्लात बुडवतात. पाणी नसल्याने आम्लाचे आयन फारसे सुटत नाहीत आणि ते कणांच्या सांध्यांमध्ये हळूहळू काम करते.

बिघडते ते धुताना. भांड्यात थोडेसे पाणी घातले की आम्ल विरल होऊन कवचांवर तुटून पडते. म्हणून आधी आम्ल ओतून काढायचे, मग सगळे एकदम भरपूर पाण्यात. हे सगळे धूरकपाटातच.

दगडोबा: 'विरल' की 'सौम्य'?

चाळणीवाली: दोन्ही वेगळे. अ‍ॅसेटिक आम्ल संहत असले तरी सौम्यच.

गारगोटी: सांधे सुटतात, धागा शाबूत राहतो... मग 'उसवणे' का नको? खडक उसवला.

चाळणीवाली: घेतला. कोनोडोंटसाठी मात्र 'विरघळवून सोडवणे'च.