मदत हवी आहे: येझदी तापली की बंद पडते, इंजिन परत खोलू का?

मंडळी, जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांनी जरा इकडे लक्ष द्या, माझं डोकं चालेनासं झालंय.

गाडी १९७४ ची येझदी २५० मोटरसायकल, मामांची. मामा नाशिकरोडला प्रेसला होते, सगळी नोकरी याच गाडीवर काढली, मग ती घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये लावली ती लावलीच, सीटवर कोंबड्या बसायच्या. "नेतोस तर ने, पण भंगारात घालायची नाही" या अटीवर मला दिली. मी सिडकोत राहतो, रो-हाऊसचं पार्किंग हेच माझं वर्कशॉप, त्यामुळे बायकोची ॲक्टिव्हा सध्या रस्त्यावर उभी असते. घरातलं वातावरण तुम्ही समजून घ्या.

आत्तापर्यंतचं काम सांगतो. इंजिन पूर्ण खोललं. पिस्टन जाम होता, तो सुटल्यावर सिलेंडर बोअर करून पहिल्या ओव्हरसाइजचा पिस्टन आणि रिंगा टाकल्या. बिग एंड (पिस्टनच्या रॉडचं खालचं टोक) वाजत होता म्हणून नवीन कनेक्टिंग रॉड किट, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) अंबडला एका जॉबवर्कवाल्याकडून प्रेस करून घेतला, त्याने माझ्यासमोर डायल लावून ट्रू (एका रेषेत सरळ) करून दिला, काम एक नंबर. बेअरिंग नवीन, क्रँकचे ऑइल सील, म्हणजे हवा-तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, नवीन (पुण्याला नाना पेठेत मिळाले, पाकिटावर कंपनीचं नावच नाही), क्लचच्या कॉर्क प्लेटा नवीन. टाकीत गंजाचा चिखल होता, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवली, मग खायच्या सोड्याने धुतली, वाळवून आतून तेल फिरवलं. कार्ब्युरेटर जिकोव्हच आहे, जेट साफ केले. कलरला हात लावलेला नाही, मूळ मरून आहे तसाच राहणार, चकाचक करून शोकेसमध्ये ठेवायची असती तर नवीनच घेतली असती की.

आता प्रॉब्लेम. थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या किकला स्टार्ट, आवाज ऐकून शेजारचे आजोबा गेटवर येऊन उभे राहतात इतका मस्त. आयडलिंग पण ठीक. पण चहा करून पिऊन होईल एवढा वेळ चालली की भुक-भुक करते, पिकअप सोडते आणि बंद. मग कितीही किका मारा, ढिम्म. पूर्ण गार झाली की परत काही झालंच नाही अशी स्टार्ट. शिवाय पांढरा धूर येतो, गरम झाली तरी कमी होत नाही. तेल मी पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टाकतो.

एका मेकॅनिककाकांनी हात न लावता सांगितलं सील गेलेत, इंजिन खोला. दुसऱ्याने सांगितलं बोअर टाइट झालंय, चालवा, होईल मोकळी. मामांचं म्हणणं तर अजूनच भारी, "आमच्या वेळी पण तापायची, आम्ही थांबून बिडी ओढायचो." आता मी बिडी ओढत नाही, त्यामुळे दुसरा काहीतरी इलाज सांगा. अर्धं इंजिन परत खोलायच्या आधी बाहेरून काय काय तपासता येईल?

— सिडकोकर

गंगापूररोडचा: गाडी द्यायची आहे का? चांगली किंमत देईन.

सिडकोकर: नाही हो, मामा मला देतील एक ठेवून.

किकमास्तर: इंजिनला अजिबात हात लावू नकोस भाऊ. बंद पडली रे पडली की त्याच मिनिटाला तीन गोष्टी बघायच्या, गार झाल्यावर बघून काही कळणार नाही. टाकीचं झाकण उघड, फुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, पेट्रोल खाली येत नाहीये. मग प्लग काढ, कोरडा आहे का ओला ते बघ. मग तोच प्लग हेडला टेकवून किक मार. ठिणगी जाड निळी असेल तर इलेक्ट्रिकल सोडून दे, पिवळी बारीक मरतुकडी असेल तर कंडेन्सर (ठिणगीच्या सर्किटमधला छोटा डबा) नाहीतर कॉइल (ठिणगीचं व्होल्टेज वाढवणारी). कंडेन्सर थंड असताना बरोबर चालतो आणि तापला की गळपटतो, अगदी तू लिहिलंयस तसं. गाडी चालू असताना अंधारात पॉइंट्स (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) बघ, तिथे मोठ्या ठिणग्या उडत असतील तर नक्की तोच. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी ठेव.

गोदाकाठ: वरच्यांशी सहमत, पण त्याआधी एक. ही गाडी बॅटरी इग्निशनची आहे, म्हणजे ठिणगी बॅटरीवर पडते, मॅग्नेटोची (बॅटरीशिवाय ठिणगी देणारी) नाही. बॅटरी ६ व्होल्टची, आणि डायनॅमो ती चार्ज करत नसेल तर गाडी बॅटरीवर थोडा वेळ चालते, बॅटरी उतरली की बंद, थोडं थांबलं की बॅटरी जरा सावरते आणि परत स्टार्ट. माणसाला वाटतं गार झाल्यामुळे चालू झाली! कॉइलवर मल्टिमीटर लाव, रेस दिल्यावर व्होल्टेज साडेसहाच्या वर चढलं पाहिजे. खाली खाली जात असेल तर कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर बघ. लोक हे सोडून थेट सिलेंडर उतरवतात. पेट्रोलच्या कॉकमधला कॉर्क पण बदल, आता पंपावर सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं, जुना कॉर्क आणि रबर त्यात टिकत नाही. आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत ते पेट्रोल ठेवू नकोस, इथेनॉल पाणी ओढतं, साफ केलेली टाकी परत गंजेल.

तेलकट_हात: काय भो, धुराबद्दल कोणीच बोलत नाहीये. ४० मिली तेलाने थोडा निळसर धूर येणारच, पण गरम होऊन पण पांढरा ढग येत असेल तर गिअर ऑइलची लेव्हल बघ. क्लचच्या बाजूचा सील गळत असेल तर क्रँककेस (पिस्टनखालची क्रँकची पेटी) गिअर ऑइल ओढते आणि इंजिन ते जाळतं. डायनॅमोच्या बाजूचा गळत असेल तर हवा ओढते, आयडलिंग आपोआप चढतं, इंजिन जास्त तापतं. दोन्हीची लक्षणं वेगळी आहेत, "सील गेले" असं मोघम बोलण्यात अर्थ नाही.

न खोलता तपासायचं असेल तर घरातलं जुनं काट्याचं बीपी मशीन घे. दोन्ही सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर काढ, ती तोंडं सायकलच्या ट्यूबचं रबर आणि पट्टी लावून बंद कर, पिस्टन खाली आण म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलेंडरमध्ये जाणारे मार्ग) उघडे राहतात, आणि प्लगच्या भोकातून फुग्याने हवा भर. ३०० पर्यंत काटा ने, म्हणजे सहा पीएसआयच्या जवळपास झालं, त्याच्या वर जायचं नाही. काटा थांबला तर सील चांगले. भराभर पडला तर जॉइंटवर साबणाचं पाणी मार. बाहेर कुठे बुडबुडे नसतील तर गिअर ऑइलच्या झाकणाला कान लाव.

सिडकोकर: अपडेट देतो. व्होल्टेज बरोबर निघालं, रेस दिली की सातच्या पुढे जातं, डायनॅमोला सुट्टी. झाकण पण मोकळं. पण बंद पडल्यावर ठिणगी अगदी किकमास्तर म्हणाले तशी, पिवळी, आणि पॉइंट्सवर दिवाळी. नवीन कंडेन्सर आणून तो आत न बसवता वायर लांबवून बाहेर कॉइलजवळ लावला, तिथे इंजिनची उष्णता लागत नाही. गाडी सोमेश्वरपर्यंत गेली आणि न थांबता परत आली!! मामांना फोन केला तर म्हणाले, मग आता बिडी कधी ओढणार.

धूर मात्र तसाच. गिअर ऑइल खरंच कमी झालंय. आईच्या बीपी मशीनचा फुगा लावून बघितलं (तिला सांगू नका), काटा सरळ खाली येतो, हेड, बेस गॅस्केट, सगळीकडे साबण मारला, कुठेच काही नाही, पण गिअर ऑइलच्या भोकातून बुड-बुड स्पष्ट ऐकू येतं. म्हणजे क्लचच्या बाजूचाच सील. बिन नावाच्या पाकिटाचा गुण.

आता त्या बाजूचं कव्हर आणि क्लच काढतो, पण क्रँकवरचं पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) काढायला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो आणि तो माझ्याकडे नाही. इंजिन पहिल्यांदा खोलताना जॉबवर्कवाल्याचा वापरला होता, पण तो माणूस सध्या गावी गेलाय. नाशिकमध्ये कोणाकडे जावा-येझदीचा पुलर असेल तर दोन दिवसांसाठी मिळेल का? डिपॉझिट देतो.

पेठरोडकर: हातोडीने ठोकू नकोस, क्रँकचं ट्रू केलेलं सगळं वाया जाईल. पुलर आहे माझ्याकडे, डिपॉझिट वगैरे राहू दे. आणि गाडीची कागदपत्रं जिवंत आहेत का? ५० वर्षं झाली म्हणजे २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल, जुना नंबरही ठेवता येतो, पण मग रोजच्या वापराला परवानगी नाही. तुला ती चालवायचीय असं दिसतंय, तर साधं रिन्यूअलच कर.

सिडकोकर: आरसी आहे, मामांच्या नावावर, मुदत केव्हाच संपलीय. चालवायचीच आहे, त्यामुळे रिन्यूअलच. पुलर घ्यायला कधी येऊ?

पेठरोडकर: व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघ. येताना जुना सील पण घेऊन ये, साइज मोजून ठेवू.