सल्ला हवा: लेकासाठी कोणत्या नव्या बेसबॉल पिचरची जर्सी घ्यावी? (बजेट १५० डॉलर)

प्लेनोची_मृण्मयी
नमस्कार मंडळी. लेक १२ वर्षांचा आहे, इथल्या लीगमध्ये पिचिंग (आपली बोलिंगच) करतो. वाढदिवसाला मेजर लीगमधल्या एखाद्या नव्या पिचरची जर्सी द्यायची आहे. फार तर दोन-तीन सीझन झालेला असावा, पण पुढे टिकणारा हवा. मागे ज्याची घेतली त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून पोरगं ती जर्सी कपाटातून काढतच नाही. बजेट १५० डॉलर, शिपिंग धरून. आम्ही डॅलसवाले, म्हणजे रेंजर्सचे. लेकाच्या डोक्यात त्यांचाच कुमार रॉकर पक्का बसलाय, नवरा म्हणतो त्याचं काही खरं नाही. सुरुवातीच्या खेळावरून पिचर ओळखायचा कसा, तेही कोणी नीट सांगा.

पिट्सबर्गचा_नाना
आमच्या पायरेट्सचा पॉल स्कीन्स. दुसरा विचारच करू नका. मे २०२४ मध्ये पदार्पण, त्या सीझनला ईआरए (नऊ इनिंगांमागे दिलेले रन, कमी तितका चांगला) १.९६ आणि रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा). लोक म्हणाले, दुसऱ्या वर्षी फलंदाज ओळखतील. दुसऱ्या वर्षी १.९७ आणि एकमताने साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार)! पहिल्याच सामन्यात शिकागो कब्ज विरुद्ध १०० मैलांच्या वरचे चेंडू धडाधड टाकत होता, मी मैदानात होतो. जर्सी घ्यायची तर शिवलेल्या अक्षरांची ऑथेंटिकच घ्या. १५० मध्ये नाही बसणार, पण चिकटवलेल्या नंबरांच्या कडा दोन-तीन धुण्यांत सुटायला लागतात.

बोरिवली_एक्सप्रेस
२०२५ ला त्याचं रेकॉर्ड १०-१० आहे ना? जितके जिंकला तितकेच हरला. याला टिकणारा म्हणायचं?

पिट्सबर्गचा_नाना
अहो, पायरेट्सनी त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारलेत. पोरगा सहा-सात इनिंग एका रनवर रोखून धरतो आणि आपले फलंदाज शून्यावर. त्यात त्याचा काय दोष? पिचरचं जिंकणं-हरणं बघायचे दिवस कधीच गेले.

आकडेमोड
मृण्मयी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. नव्या पिचरचा ईआरए पहिल्या १०-१२ सामन्यांत फार मनावर घ्यायचा नाही. बॅटला लागलेला चेंडू फिल्डरच्या हातात जातो की दोघांच्या मधून निसटतो, यात नशिबाचा वाटा मोठा असतो. पिचरच्या स्वतःच्या हातात तीनच गोष्टी: स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद), वॉक (चार वाईट चेंडूंवर फलंदाजाला फुकट बेस) आणि काही अंशी होमरन. त्यातलं स्ट्राइकआउटचं प्रमाण सगळ्यात लवकर खरं बोलायला लागतं, ७०-८० फलंदाज झाले की अंदाज येतो. वॉकचं कळायला त्याच्या दुप्पट तरी फलंदाज लागतात. स्ट्राइकआउटच्या टक्क्यांतून वॉकचे टक्के वजा करा. लीगची सरासरी साधारण २२ आणि ८, म्हणजे वजाबाकी १४ च्या आसपास. नवा पोरगा २० च्या वर असेल तर लक्ष ठेवा.

आकडे बाजूला ठेवून सामना बघत असाल तर पहिली इनिंग सोडा, पाचवी बघा. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर येतात तेव्हा दोनच प्रकारचे चेंडू असलेला पिचर उघडा पडतो. कॅचरचा (फलंदाजामागे बसणाऱ्याचा) ग्लोव्हही बघा. ग्लोव्ह जिथे मांडलाय तिथेच चेंडू येतोय, की दर वेळी कॅचरला हात लांबवून ओढून घ्यावा लागतोय? स्कीन्सकडे फास्टबॉलशिवाय तो 'स्प्लिंकर' आहे, निम्मा सिंकर, निम्मा स्प्लिटर. वेग फास्टबॉलच्या जवळपास आणि ऐन वेळी खाली बसणारा. म्हणून तो तिसऱ्या फेरीतही सापडत नाही.

डेट्रॉइटचे_काका
आकडेमोड यांना अनुमोदन. आमच्या टायगर्सचा मार्क फिड्रिच आठवा. १९७६ साली १९-९, ईआरए २.३४, रूकी ऑफ द इयर. चेंडूशी गप्पा मारायचा, गुडघ्यावर बसून माउंड (पिचरचा मातीचा उंचवटा) हाताने सारखा करायचा, अख्खं शहर त्याच्या मागे. पण २५० इनिंगांत स्ट्राइकआउट फक्त ९७! फलंदाज मारत होते आणि फिल्डर पकडत होते. त्यात २१ वर्षांच्या पोराकडून २४ कम्प्लीट गेम (अख्खा सामना एकट्याने) करून घेतले. पुढच्या वर्षी आधी गुडघा गेला, मग खांदा. अख्ख्या कारकिर्दीत २९ विजय, त्यातले १९ पहिल्याच वर्षीचे. इथले जुने लोक अजून त्याचं नाव काढतात. त्याची रेट्रो जर्सी बघा की, सुंदर आहे.

शिकागोची_सुलू
काका, स्ट्राइकआउटनी तरी कुठे वाचवलं? केरी वुड, ६ मे १९९८, रिग्ली फील्ड. पाचवाच सामना, वय २०, ॲस्ट्रोजविरुद्ध २० स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. आकडेमोड यांच्या वजाबाकीत तो पहिला आला असता. १९९९ चा अख्खा सीझन कोपराच्या ऑपरेशनमध्ये गेला. मग मार्क प्रायर आला. २००३ ला १८-६, २४५ स्ट्राइकआउट. सगळे म्हणायचे याची ॲक्शन निर्दोष आहे, हा मोडायचा नाही. २००६ नंतर मेजर लीगमध्ये दिसला नाही. आमच्या घरी दोघांच्याही जर्सी आहेत. माझं स्पष्ट मत, पिचरची जर्सी घेऊच नका, शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरची) घ्या.

व्हर्जिनिया_वासी
सुलूताईंना +१. आमचा वॉशिंग्टनचा स्ट्रासबर्ग. ८ जून २०१०, पहिलाच सामना, पायरेट्सविरुद्ध १४ स्ट्राइकआउट, शून्य वॉक. त्याच वर्षी टॉमी जॉन सर्जरी (कोपराचं ऑपरेशन). २०१२ ला तर संघ प्लेऑफला (बाद फेऱ्यांना) निघालेला असताना इनिंग मोजून त्याला १५९ वर थांबवला. पण २०१९ ला वर्ल्ड सीरिजचा (अंतिम मालिकेचा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तोच. मग २४.५ कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यानंतर जेमतेम आठ सामने खेळू शकला. आता याला टिकला म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा. माझ्यापुरतं २०१९ ने सगळं वसूल झालं.

बोरिवली_एक्सप्रेस
यात बेसबॉलचं विशेष काय? नरेंद्र हिरवाणी. जानेवारी १९८८, मद्रास, वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणात १६ विकेट. एकूण कसोट्या १७, विकेट ६६. पहिल्या सामन्यावरून माणूस ओळखू नये.

डेट्रॉइटचे_काका
ती खेळपट्टीच आखाडा होती हो! हिरवाणीचं उदाहरण इथे लागू नाही.

बोरिवली_एक्सप्रेस
काका, समोर व्हिव रिचर्ड्स होता. खेळपट्टी दोन्ही संघांना तीच होती.

टोरांटोची_गार्गी
क्रिकेटचा वेगळा धागा काढा ना. मृण्मयी, आमच्या ब्लू जेजचा ट्रे येसावेज! २०२५ चा सीझन सिंगल-ए (मायनर लीगची खालची पायरी) मध्ये सुरू केला आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सीरिजच्या पाचव्या सामन्यात, डॉजर्सच्या मैदानात, १२ स्ट्राइकआउट आणि एकही वॉक नाही. वर्ल्ड सीरिजमध्ये रूकीचा विक्रम. हात इतका उंचावरून येतो की स्प्लिटर टेबलावरून घरंगळल्यासारखा पडतो. मी दुसऱ्याच दिवशी जर्सी घेतली. कॅनडाच्या डॉलरमध्ये घेतलीत तर स्वस्त पडेल.

आकडेमोड
येसावेज मलाही आवडतो. पण रेग्युलर सीझनचे त्याचे सामने किती? तीन! फलंदाजांना त्याचा अभ्यास करायला एक हिवाळा मिळू दे, मग बोलू.

मिलवॉकी_मंदार
आमचा मिझिओरोव्स्की कसा कोणाला आठवला नाही? जून २०२५ मध्ये पदार्पण, पहिल्या ११ इनिंगांत एकही हिट नाही, पाच सामन्यांवर ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्यात निवड. उंची ६ फूट ७ इंच. फक्त जर्सीवर एवढं मोठं आडनाव नीट बसलंय का ते बघून घ्या.

जर्सी_सिटी_कलेक्टर
जर्सीत पैसे घालू नका, वर्षभरात तोकडी होते. रूकी कार्ड (नव्या खेळाडूचं संग्रही ठेवायचं छापील कार्ड) घ्या. स्कीन्सचं पदार्पणाच्या जर्सीवरचा पॅच लावलेलं एकमेव कार्ड लॉस एंजेलिसकडच्या ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात सापडलं, मार्च २०२५ मध्ये ११.१ लाख डॉलरला गेलं. पायरेट्स त्या मुलाला ३० वर्षांची सीझन तिकिटं द्यायला तयार होते. मात्र विक्रेता नीट बघा. मला एकाने कोपरा दबलेलं कार्ड पाठवलं आणि परत घ्यायला साफ नकार दिला. चांगलं ग्रेड केलेलं (दर्जा तपासून घेतलेलं) घ्यायचं तर ४००-५०० ची तयारी ठेवा.

प्लेनोची_मृण्मयी
दादा, बजेट १५० आहे. आणि रॉकरबद्दल कोणीच बोललं नाही.

आकडेमोड
बोलतो. कॉलेजात त्याच्या तोडीचा क्वचितच कोणी होता. २०१९ ला व्हँडरबिल्टसाठी ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउट आणि नो-हिटर (अख्ख्या सामन्यात एकही हिट नाही). २०२१ ला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वाटपात) मेट्सनी निवडला, पण वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. २०२२ ला रेंजर्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतला, २०२३ ला टॉमी जॉन, सप्टेंबर २०२४ ला सिएटलमध्ये पदार्पण, चार इनिंगांत ७ स्ट्राइकआउट. २०२५ ला मात्र ईआरए ५.७४, स्ट्राइकआउट सरासरीपेक्षा कमी, मध्ये खांदा दुखावला, ऑगस्टमध्ये मायनर लीगला रवानगी. आजच्या घडीला टिकणाऱ्यांच्या यादीत मी त्याला धरणार नाही.

ह्यूस्टनचे_आप्पा
एवढ्यात निकाल लावू नका. रॉय हॅलडे, २००० साली ईआरए १०.६४. पुढच्या वर्षी थेट सिंगल-ए मध्ये धाडला. तिथे हाताचा कोन बदलला, वरून टाकायचा तो थोडा बाजूने टाकायला लागला, चेंडू हलायला लागला. मग दोन साय यंग, एक परफेक्ट गेम (एकही फलंदाज बेसवर पोचला नाही) आणि प्लेऑफमध्ये नो-हिटर. ग्रेग मॅडक्स १९८७ ला ६-१४ आणि ५.६१ होता, निवृत्त झाला तेव्हा ३५५ विजय. रॉकर आईकडून भारतीय वंशाचा, वडील ट्रेसी रॉकर एनएफएल खेळलेले. मुलाला त्याच्यात आपलं काही दिसत असेल तर ते मोलाचं आहे.

पिट्सबर्गचा_नाना
आप्पा, एका हॅलडेमागे बुडालेले किती, तेही सांगा. स्कीन्सच.

शिकागोची_सुलू
शॉर्टस्टॉप.

प्लेनोची_मृण्मयी
सगळ्यांचे मनापासून आभार. आकडेमोड, तुमची पोस्ट लेकाला वाचून दाखवली. त्याने लगेच स्वतःच्या सीझनची वजाबाकी केली आणि वॉक फार होतायत म्हणून अंगणात दोरी बांधून स्ट्राइक झोन आखला. पण हॅलडेचं ऐकल्यावर तो हटेनाच. म्हणाला, रॉकरचं कोपर नीट झालंय, खांदाही होईल, आणि त्याचा स्लायडर (ऐन वेळी बाजूला वळणारा चेंडू) मला शिकायचाय. (स्लायडर एवढ्यात नाही, हे कोचनी बजावलंय.) तेव्हा रॉकरचीच मागवली. साधी रेप्लिका, बजेटमध्ये बसली. नवरा नाराज आहे.

आकडेमोड
कोचचं बरोबर आहे. १२ व्या वर्षी फास्टबॉल आणि चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू), बाकी काही नको. आणि वर्षातून दोन-तीन महिने चेंडू फेकणं सलग बंद ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

पिट्सबर्गचा_नाना
रेप्लिका ना? मग उलटी करून गार पाण्यात धुवा, ड्रायरमध्ये अजिबात टाकू नका.