मालकांचे दात आंबतात, खालचा ओठ सोलतो. उन्हामुळं असेल का?

अथणीची सूनबाई

नमस्कार. आमचं गाव अथणी तालुक्यात. द्राक्षबाग आणि थोडा ऊस आहे. मार्च लागला की मालक सकाळी बागेत जातात ते दिवस कलल्यावरच येतात. उन्हाळ्यात इकडं पारा ४० ला टेकतो, तुम्हाला माहीतच आहे. सोबत मी थर्मासभर लिंबू-साखरेचं पाणी देते, दुपारी फाट्यावर कोल्ड्रिंक होतं ते वेगळंच. यंदा गार पाणी तोंडात घेतलं की पुढच्या दातांतून सणकन कळ जाते आणि रात्री दात इतके आंबलेले असतात की भाकरी चावत नाही. खालचा ओठ सारखा सोलतो. मधोमध एक खरखरीत पांढुरका डाग आहे, व्हॅसलीन लावूनही जाईना. तंबाखू, मावा काही खात नाहीत. शेजारी म्हणतात अंगात उष्णता झाली, सब्जा द्या.

अजून एक. धाकट्याचे पुढचे नवे दात आलेत, त्यांवर खडूसारखे पांढरे पट्टे आहेत. आम्ही बोअरचं पाणी पितो. कुणाला काही माहीत असेल तर सांगा.

निपाणीचे काका

वहिनी, आमच्या घरात आई, आत्या सगळ्या मिश्री लावायच्या. म्हातारपणापर्यंत दात दुखल्याचं ऐकलं नाही. मालकांना रात्री चिमूटभर लावायला सांगा, कळ थांबती. नाहीतर मीठ-लिंबू चोळा, आंबलेपण जातं. माझा तर अनुभव हाय.

खानापूरची ताई

काका, वयाचा मान ठेवून सांगते, मिश्रीचा सल्ला कुणाला देऊ नका. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. ती लावल्यावर ठणका दबल्यासारखा वाटतो, पण आतून हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मी बेळगावात दातांच्या दवाखान्यात काम करते. निपाणी-चिकोडीकडच्या विडी वळणाऱ्या मावश्या येतात. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसत असतो आणि त्या म्हणतात, "दुखत तर नाही की." दुखत नाही म्हणूनच उशीर होतो. त्यांतल्या काहींना पुढं कॅन्सरच्या तपासणीला पाठवावं लागलं. हे लिहिताना माझा जीव तुटतो, म्हणून स्पष्ट बोलते. राग मानू नका. आणि आंबलेल्या दातावर लिंबू चोळणं म्हणजे जखमेवरच घासणं, तेही नको.

आता सूनबाई, तुमचं. उन्हात घाम जातो, अंगातलं पाणी कमी पडतं आणि तोंडातली लाळ आटते. सगळं तिथून सुरू होतं. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, ती आंबटपणा धुऊन काढते आणि दाताची झीज थोडी थोडी भरत राहते. तोंडातला सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५, कोलाचाही अडीचच्या आसपास. सरबत एका बैठकीत प्यायलं तर लाळ अर्ध्या-पाऊण तासात तोंड सावरून घेते. पण मालक थर्मासमधनं दर थोड्या वेळानं घोट घेत असणार. मग तोंडाला सावरायला सवडच मिळत नाही, आणि त्यात लाळ आधीच आटलेली. साखरेमुळं कीडही वाढते.

थर्मासमध्ये साधं पाणी द्या. माठातलं चालेल, बर्फाचं नको. सरबत प्यायचंच असेल तर जेवणाबरोबर, एकदाच, आणि वर साध्या पाण्यानं चूळ भरायची. पन्हं, कोकम, लिंबू पिळलेला उसाचा रस यांनाही हेच लागू. ताक मात्र बिनधास्त द्या. तेही आंबटच, पण त्यात कॅल्शियम असल्यानं दाताला तेवढं बाधत नाही. चक्कर, पेटके, उलटी असा उन्हाचा त्रास झाला तर मात्र दातांचा विचार करत बसू नका, लगेच ओआरएस द्या आणि दवाखाना गाठा.

आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये. कवच मऊ पडलेलं असतं, ब्रशनं तेच घासलं जातं. अर्धा तास तरी जाऊ द्या. ब्रश मऊ घ्या आणि करवतीसारखा आडवा ओढू नका. रात्री झोपताना ब्रश हवाच, कारण झोपेत लाळ आणखी कमी होते. पेस्टवर फ्लोराइड १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलेलं बघून घ्या. फेस थुंकायचा, पण पाण्यानं खळखळून धुवायचा नाही, दातावर थोडं फ्लोराइड राहू द्यायचं. कळ येणाऱ्या दातांसाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मिळते. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. राखुंडी, विटेची पूड, कोळसा यातलं काही लावू नका.

सब्जा खाऊ द्या, त्याचं वाईट नाही. त्यानं दात मात्र सुधारणार नाहीत.

ओठाचं मला जास्त लागून राहिलंय. खालचा ओठ उन्हाला समोरच येतो, म्हणून वर्षानुवर्षं शेतात, रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या खालच्याच ओठाला आधी त्रास होतो. नुसता कोरडा ओठ व्हॅसलीननं चार-आठ दिवसांत मऊ पडतो. पण एकाच जागी खरखरीत, पांढुरका डाग टिकून असेल, ओठाची कड पुसट होत असेल, तर तो उन्हानं झालेला बदल असू शकतो, आणि त्यातला काही थोडा भाग पुढं कॅन्सरकडं जातो. तंबाखू खात नसले तरीही. घाबरवत नाही, पण दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला डाग किंवा फोड डॉक्टरांनी बघितलाच पाहिजे. तोवर जीभ फिरवून ओठ ओले करायचे नाहीत, लाळ सुकते तशी कातडी जास्तच फाटते. नखानं साल काढायची नाही. एसपीएफ ३० चा लिप बाम दर दोन तासांनी लावायचा. गांधी टोपीनं ओठावर सावली पडत नाही. रुंद काठाची टोपी घालायची, नाहीतर टॉवेल कपाळापुढं ओढून घ्यायचा. औषध फवारणी, डिपिंग (द्राक्षाचे घड औषधात बुडवणं) अशी कामं जमतील तेवढी दहाच्या आत उरकायची.

हुक्केरीचा भाऊ

ताई, मध्येच विचारतो. बाबांची कवळी आहे आणि बीपीची गोळी चालू आहे. उन्हाळ्यात तोंड इतकं सुकतं की कवळी टोचती, मग ते काढून खिडकीत उन्हात ठेवतात.

खानापूरची ताई

भाऊ, उन्हात नको, ती वाकते, तडकते. गरम पाण्यातही नको. रात्री काढून, ब्रशनं धुऊन साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड सुकतं. गोळी आपण होऊन बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून देता येते. कवळीखाली टाळू लाल झाली असेल तर बुरशी असू शकते, दाखवून घ्या.

अथणीची सूनबाई

ताई, खूप आभार. डाग दिवाळीच्या आधीपासून आहे, आता नीट आठवलं. बेळगाव आम्हाला लांब पडतं. आणि धाकट्याच्या दातांचं राहिलं की.

खानापूरची ताई

दिवाळीपासून म्हणजे थांबायचं नाही. तुम्हाला मिरज-सांगली जवळ. सांगलीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. बेळगावला यायचं झालं तर केएलई आणि मराठा मंडळ दोन्हीकडं दंत महाविद्यालयं आहेत. गेल्यावर नुसतं "दात दुखतो" सांगू नका, आधी ओठ दाखवा आणि किती महिन्यांचा डाग ते सांगा. छोटा तुकडा काढून तपासू म्हणाले तर नको म्हणू नका. तीस वर्षांवरच्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते, गावच्या आशाताईंना विचारा.

धाकट्याचं असं: दात हाडात घडत असताना पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं तर असे पट्टे पडू शकतात. दुसरी कारणं पण असतात, लहानपणचा मोठा ताप वगैरे. पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, असं भारतीय मानकात आहे. उन्हाच्या प्रदेशात माणूस पाणी जास्त पितो, म्हणून पाणी तेच असलं तरी पोटात जाणारं फ्लोराइड वाढतं. अमेरिकेत तर १९६२ पासून पुष्कळ वर्षं हवेच्या उष्णतेप्रमाणं पाण्यातलं फ्लोराइड ठरवायचे, गरम भागात कमी. तेव्हा बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून ग्रामपंचायतीत द्या, तपासून घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट दाटतं. आरओनं जातं. तोवर त्याला वाटाण्याएवढीच पेस्ट द्या आणि गिळू देऊ नका. आलेले पट्टे तसेच राहतील, पण घरात त्याच्याहून लहान मूल असेल आणि त्याचे दात अजून घडायचे असतील तर त्याच्यासाठी पाणी आत्ताच बदला.