मदत हवी आहे : घरच्यांना घेऊन आर्थिक नियोजनाच्या सेमिनारला जायचंय

येत्या रविवारी आर्थिक नियोजनाचं दिवसभराचं सेमिनार आहे. नवरा, १६ वर्षांची मुलगी आणि सासूबाई, सगळ्यांनीच यावं असं मनापासून वाटतं. आमच्याकडे पैशांचा विषय निघाला की आम्ही दोघंच दार लोटून बोलतो, बाकीच्यांना काही ठाऊकच नसतं. परवा मुलीला ७२ चा नियम सांगितला : ७२ ला व्याजदराने भागायचं, साधारण तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट. ६ टक्क्यांनी १२ वर्षं. तिने वहीच्या मागच्या पानावर ९ टक्क्यांचं गणित करून ८ लिहिलं आणि विचारलं, "मग महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होणार?" सासूबाईही कान देऊन ऐकत होत्या. तेव्हाच ठरवलं, सगळ्यांनी जायचं.

सासूबाईंना दिवसभर बसवेल का, की अर्धाच दिवस न्यावं? आधी घरी कर्जाचे हप्ते, विम्याची कागदपत्रं, महिन्याचा खर्च हे सगळं एकत्र मांडून बसावं का? आणि मुख्य म्हणजे, शेवटी एखादी योजना 'आजच घ्या' म्हणून गळ्यात मारायला लागले तर चारचौघांत नवऱ्याला कसं थांबवू? भिडेपोटी तो पटकन हो म्हणून टाकतो. कुटुंबासह जाऊन आलेल्यांनी जरूर सांगा.